वाऱ्यात बसणारा वैमानिक

"तू आत बस. वाऱ्यात मी आहे."

हे म्हणताना काका उजव्या हाताची तर्जनी वर करून हवेत एकदा गोल फिरवायचे. विमानाचा पंखा सुरू झाला, असा त्याचा अर्थ. मग गॅरेजचं शटर अर्धं वर सरकवून बाहेर ड्राइव्हवेवरच्या हिरव्या प्लास्टिकच्या खुर्चीत रस्त्याकडे तोंड करून बसायचे. डोक्याला कानटोपी, गळ्याला मफलर, तोंडाला मास्क आणि वर मोटरसायकलचा जुना गॉगल. त्यांच्या पाठीमागे गॅरेजमध्ये, पुठ्ठ्याच्या विमानात, मी.

लॉकडाउनमध्ये कुत्रं फिरवायला निघालेली माणसं आमच्या घरासमोर थबकायची. कुणी विचारायचं, "ऑल गुड, मेट?" काका अंगठा दाखवून म्हणायचे, "क्रूझिंग!" एक हिंदी बोलणाऱ्या बाई तर रोज विचारायच्या, "आज कहाँ तक पहुँचे, भाईसाहब?" आणि काका रोज नवीन गाव सांगायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण हसतो, पुढे जातो. मला पुढे जाता आलं नाही, कारण मी आत बसले होते.

मी वाशीमकडची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा शेड बांधतात, घरांवर आणि गोठ्यांवर टिनपत्रे ठोकतात. एरोस्पेसच्या मास्टर्सला सिडनीत आले तेव्हा गावात सगळ्यांना वाटलं, पोरगी पायलट होणार. ते खोडून काढायचा धीर मला झाला नाही. एकूणच मला कुणाचं काही खोडून काढायचा धीर होत नसे.

सिडनीच्या वेंटवर्थव्हिल भागात काकांच्या घरामागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये मी भाड्यानं राहायचे. ग्रॅनी फ्लॅट म्हणजे परसातली एक खोली, एक ओटा आणि संडास-बाथरूम. काका मूळचे चिंचवडचे, शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनिअर, आणि आयुष्यभर बँकेचं सॉफ्टवेअर लिहिलेले. विमानांशी पोटापाण्याचा संबंध कधीच आला नाही. म्हणूनच बहुतेक प्रेम टिकलं असावं. त्यांच्या हॉलमध्ये देवघराशेजारी एक लांब फळी होती आणि तिच्यावर बोटभर, वीतभर लाकडी विमानं ओळीनं उभी होती. सगळी एकाच देशाची आणि एकाच काळातली. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांतली, जर्मनीची, आणि तीही फक्त छोटी प्रवासी विमानं. चार माणसांची, सहा माणसांची, फार तर आठ.

"मोठी का नाहीत?" पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं.

"बनवू देत नव्हते," काका म्हणाले. "युद्ध हरलेला देश. जिंकलेल्यांनी आधी विमानं बनवायलाच बंदी केली. मग म्हणाले, बनवा, पण लहान बनवा, हळू जाणारी बनवा. मग काय करतील? खोलीत कोंडलेलं पोर खोलीतच खेळ शोधतं. त्यांनी लहान विमानच इतकं नीट बनवलं, की जगानं ते विकत घेतलं."

फळीवरचं पहिलं विमान त्यांचं लाडकं होतं. एफ-१३. युद्ध संपल्यावर लगेच तयार झालेलं, सगळ्या अंगानं धातूचं, पातळ पन्हाळी पत्र्याचं. ज्या प्राध्यापकांनी ते बनवलं त्यांचा एक धंदा आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबांचा होता, हे काका दर वेळी नव्यानं सांगायचे आणि दर वेळी नव्यानं हसायचे. या विमानात प्रवाशांसाठी बंद केबिन होती. काचेच्या खिडक्या, गादीच्या खुर्च्या, आत ऊब. आणि वैमानिक? तो पुढे, उघड्यावर. समोर काचेचा आडोसा, डोक्यावर आभाळ.

"बघितलंस? प्रवासी आत, चालवणारा बाहेर," काका म्हणायचे. त्यांच्या आवाजात अशी काही समजूत असायची, की हा नियम विमानापुरता नाही.

आणि तो नव्हताच. त्यांच्याकडे जेवायला गेलं की ते शेवटी जेवायचे. गाडीत हीटरचा झोत मागच्या सीटकडे वळवायचे. काकू म्हणायच्या, "यांना स्वतःच्या घरात पाहुणा व्हायला कधी जमलंच नाही."

काकू तेव्हा सांगलीत अडकल्या होत्या. त्यांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून महिन्याभरासाठी गेल्या आणि ऑस्ट्रेलियानं सीमा बंद केल्या. एक तिकीट रद्द झालं, मग दुसरं. पुढे काकांनी तिकिटाचा विषय काढणंच सोडलं. संध्याकाळी व्हिडिओ कॉल मात्र चुकायचा नाही. फोन तांब्याला टेकवून ठेवायचे आणि खिचडी ढवळत बोलायचे.

"अहो, परत खिचडी?"

"कालची मुगाची होती. आजची तुरीची."

"त्या पोरीला तरी नीट जेवायला घाला. नुसती विमानं दाखवून पोट भरत नाही तिचं."

मी मागून हात हलवायचे. काकू मला म्हणायच्या, "तू त्यांच्या हो ला हो करू नकोस गं. फार चढतात ते."

पण मी हो ला हो करायचे. मला दुसरं काही येतच नव्हतं.

दुसरा मोठा लॉकडाउन लागला तेव्हा मी ज्या हॉटेलात काम करत होते ते बंद झालं, आणि पाठोपाठ युनिव्हर्सिटीची लॅबही. माझा प्रोजेक्ट विंड टनेलवर होता. म्हणजे बंद बोगद्यात पंख्यानं वारा सोडायचा आणि त्यात पंखाचा नमुना ठेवून मोजमापं घ्यायची. आता तो बोगदा मला दिसणारच नव्हता. गाइडनी ईमेल पाठवला, घरून करता येईल असा विषय निवड. आमच्या भागाला नियम जास्त कडक होते. पाच किलोमीटरच्या आत राहायचं, बाहेर पडलं तरी मास्क. आकाशात विमान दिसायचं नाही, पोलिसांचं हेलिकॉप्टर तेवढं घिरट्या घालायचं.

मी नाव काढून घ्यायचं ठरवलं. एका ठरावीक तारखेच्या आत नाव काढलं तर नापासाचा शिक्का लागत नाही. त्या तारखेला सगळे सेन्सस डेट म्हणतात. ती जवळ येत होती. खरं कारण लॅब नव्हती. प्रोजेक्टच्या शेवटी तीन परीक्षकांसमोर उभं राहून बोलायचं होतं, ते प्रश्न विचारणार होते, आणि मला उत्तर आलं तरी तोंड उघडणार नाही हे मला माहीत होतं. लॅब बंद पडली आणि मला सबब मिळाली.

हे मी काकांना परसात, दोन हात अंतरावरून सांगितलं. ते उपदेश करतील म्हणून मी मान खाली घालून उभी होते. ते म्हणाले, "मेन स्ट्रीटच्या किराणा दुकानात रिकामे खोके मिळतील का गं? मोठे?"

"कशाला?"

"एफ-१३ ची केबिन बांधायचीय. खऱ्या मापाची. एकट्यानं होणार नाही." मग दारापाशी वळून म्हणाले, "विषय घरून करता येईल असाच हवाय ना तुला? बघ, घरातच आहे."

असा माझा विषय ठरला. दोन युद्धांमधली छोटी जर्मन प्रवासी विमानं, आणि त्यांची बांधणी कशी बदलत गेली. गाइड म्हणाले, "साउंड्स गुड." नाव काढून घ्यायचा ईमेल मी लिहून ठेवला होता, तो तसाच ठेवला. पाठवला नाही, पण पुसलाही नाही.

किराणावाल्यानं खोके दुकानाबाहेर रचून ठेवले. तांदळाचे, पापडाचे, आंब्याच्या गराचे. काकांची युक्ती छान होती. ओल्या फडक्यानं पुठ्ठ्याच्या छपाई नसलेल्या बाजूचा कागद पुसून सोलायचा. खाली बारीक पन्हाळ्या निघतात, अगदी पत्र्यासारख्या. त्यांना चंदेरी रंग दिला की झालं विमानाचं अंग. मी दिवसा वाचायचे, संध्याकाळी गॅरेजच्या आत कागद सोलायचे. काका बाहेर, शटरपलीकडे, लाकडी चौकटी ठोकायचे. अंतराचा नियम पाळायला बरं पडायचं, आणि त्यांच्या दुसऱ्या नियमातही बसायचं.

केबिन उभी राहिली. पुढे जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या, मागे ट्रंकेवर गोधडी घालून दोघांचं बाक. आतल्या बाजूनं खोक्यांवरची छपाई तशीच होती, त्यामुळे माझ्या खिडकीखाली 'हापूस' असं लिहिलेलं. काकांनी केबिनच्या पुढे, शटरबाहेर, हिरवी खुर्ची ठेवली, आणि आमचं पहिलं उड्डाण झालं. ते वाऱ्यात, मी आत लॅपटॉप घेऊन.

आता एक घोटाळा सांगते. पन्हाळ्या उभ्या लागल्या होत्या. खोके एकावर एक रचता यावेत म्हणून पुठ्ठ्यातल्या पन्हाळ्या खालून वर जातात. आम्ही खोके जसे उभे होते तसेच उलगडून लावले. खऱ्या विमानात त्या नाकापासून शेपटाकडे जातात, वाऱ्याच्या दिशेनं. उभ्या लावल्या तर प्रत्येक पन्हाळीवर वारा आडवा आपटेल. माझ्याच प्रोजेक्टमध्ये मी हे लिहून काढलं होतं, चित्रासकट. आणि रोज संध्याकाळी त्या चुकीच्या विमानात बसून म्हणत होते, "मस्त झालंय, काका."

सांगणार कसं? मोठा माणूस, घरमालक, वर एकटा. रंग वाळलेला. काकूंना फोनवरून फिरवून फिरवून दाखवलेलं. आपल्याकडे अशा वेळी गप्प बसण्याला वळण म्हणतात.

एका संध्याकाळी ते बाहेरून ओरडले, "काय प्रवासी, चाललंय का नीट?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, हे उडणार नाही."

खुर्ची करकरली. "का?"

"पन्हाळ्या चुकीच्या दिशेनं आहेत."

ते उठून शटरखालून वाकले. गॉगल कपाळावर सरकवून केबिनकडे बघितलं. मग फळीवरचं छोटं विमान आणायला घरात गेले. परत येऊन दोन्हीकडे आलटून पालटून बघत राहिले. मला वाटलं, संपलं. आणि ते हसायला लागले. भिंतीला हात टेकून, खोकला येईपर्यंत.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"पहिल्यापासून."

"आणि मस्त झालंय, मस्त झालंय म्हणून बसलीस आत?"

"तुम्ही मोठे आहात, काका..."

"अगं, वाऱ्याला कळतं का मोठं कोण ते?" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मी पुढं तोंड करून बसतो. मागचं मला दिसत नाही. मागचं आतल्या माणसानंच सांगायचं असतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं अंग उचकटून काढलं आणि आम्ही पुन्हा खोके आणायला गेलो. काकूंना त्यांनी फोनवर इतक्या अभिमानानं सांगितलं, जणू चूक हाच विमानाचा एक भाग होता. "हिनं सांगितलं! तोंडावर!" काकू म्हणाल्या, "बाई गं, मला एवढ्या वर्षांत नाही जमलं."

त्या रात्री मी तो ईमेल पुसून टाकला.

याच सुमारास बाबांचा फोन आला. ते नेहमी विचारायचे, "अभ्यास चालू हाये ना?" आणि मी म्हणायचे, "हो." त्यापुढे आमच्यात शिक्षणाचं बोलणं कधी गेलंच नव्हतं. त्या दिवशी मी कॅमेरा फिरवला आणि केबिन दाखवली.

"म्हंजे आपल्या टिनावानी?" बाबा म्हणाले. "आन् थे उडे?"

"उडायचं, बाबा. चार माणसं घेऊन."

मी त्यांना एक जुना फोटो पाठवला. तसल्याच एका विमानाच्या पंखावर माणसं दाटीवाटीनं उभी आहेत, पंख किती मजबूत आहे ते दाखवायला. बाबांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. मग म्हणाले, "आता समजलं मले, तू काय शिकते थे." त्यांनी तो फोटो व्हॉट्सॲपच्या डीपीला लावला. अजून तोच आहे.

फळीवरची पुढची विमानं आम्ही संध्याकाळी एकेक करून खाली उतरवत होतो. पंख वर गेलेली, पोटात जास्त माणसं घेणारी, पुढे बंधनं सैल झाल्यावरची. त्यातच एका ठिकाणी वैमानिकाच्या डोक्यावर छप्पर येतं. बऱ्याच वैमानिकांना ते पटलं नव्हतं. तोंडावर वारा लागल्याशिवाय विमान कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. फळीच्या टोकाला गुळगुळीत अंगाचं, चाकं पोटात घेणारं, वेगवान छोटं विमान होतं. त्याच्यानंतर फळीवर जागा होती, पण काही ठेवलेलं नव्हतं.

"यापुढं त्यांनी असल्याच विमानांत बॉम्ब भरले," काका म्हणाले. "मी तिथं थांबतो."

ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा, बोचरा वारा सुटला होता. एकदा पाऊसही आला, तरी हे छत्री उघडून खुर्चीतच. मी आतून म्हटलं, "काका, आत या. इतिहासातसुद्धा वैमानिक शेवटी आत आले."

"अजून त्या सालापर्यंत पोचलो नाही आपण," ते म्हणाले आणि मफलर आवळला.

माझं प्रेझेंटेशन मी केबिनमधूनच दिलं. ग्रॅनी फ्लॅटमध्ये वायफाय तुटायचं आणि राउटर गॅरेजच्या भिंतीला होता. काकांनी शटर पूर्ण खाली ओढलं, केबिनच्या खिडकीतून तर्जनी गोल फिरवली आणि बाजूच्या दारानं बाहेर जाऊन बसले. पडद्यावर तीन चेहरे. माझं बोलून झालं. मग त्यांतल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, की पन्हाळी पत्र्यानं हवेचा अडथळा वाढतो हे कळल्यावरही त्या कारखान्यानं वर्षानुवर्षं तोच पत्रा वापरला, हा निव्वळ हट्ट नव्हता का?

त्यांच्या बोलण्यात उत्तर होतंच. मी "येस" म्हटलं असतं तर सगळे पुढच्या प्रश्नाला गेले असते.

तेवढ्यात शेजारी गवत कापायचा लॉनमोअर सुरू झाला. कान बधिर करणारा. आणि त्याच्या वरताण काकांचा आवाज, "मेट! मेट! प्लीज! माय पॅसेंजर इज इन एक्झाम!" मोअर थांबला. "नो वरीज," असं कुणीतरी म्हटल्याचं ऐकू आलं. पडद्यावरचे तिघंही हसले. आणि मला एकदम वाटलं, बाहेर तो माणूस माझ्यासाठी वाऱ्यात उभा आहे, आणि आतलं सांगणारी मी एकटीच आहे.

"मला तसं वाटत नाही," मी इंग्रजीत म्हटलं. म्हटलं, हट्ट होता, पण निव्वळ हट्ट नव्हता. या विमानांना सगळ्यांच्या पुढे धावायचं नव्हतं. त्यांना गवतावर उतरायचं होतं, पावसात उघड्यावर उभं राहायचं होतं, जिथं कारखाना नाही तिथं दुरुस्त व्हायचं होतं. लाकूड-कापड भिजतं, हे भिजत नाही. माझ्या घरावर असाच पत्रा आहे. हातानं वाकेल इतका पातळ, पण पन्हाळ्यांमुळे माझे वडील त्यावर उभे राहून काम करतात.

प्राध्यापक म्हणाले, "फेअर पॉइंट."

शटर वर केलं तर काका खुर्चीत नव्हते. शेजाऱ्याच्या कुंपणापाशी उभे राहून त्याला विमान बनवणाऱ्याच्या बंबांचा किस्सा सांगत होते. त्यांनी माझा चेहरा बघितला. हिरव्या खुर्चीत जाऊन बसले आणि गॉगल पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

सीमा उघडल्या. आईला सोडून काकूंना येणं शक्य नव्हतं, म्हणून काकांनीच कायमचं सांगलीला जायचं ठरवलं. नोकरी सोडली, घर विकायला काढलं. फळीवरची विमानं त्यांनी सुती साड्यांत गुंडाळून नेली. एफ-१३ तेवढं मला दिलं. आता मी सिडनीतच, कॅसल हिलला राहते, नोकरी करते, मीटिंगमध्ये बोलते. अजून बोलण्याआधी छाती धडधडते. मग टेबलावरच्या त्या वीतभर विमानाकडे बघते.

त्यांना विमानतळावर मीच सोडलं, त्यांच्याच गाडीतून. गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं होतं. टर्मिनलबाहेर असा वारा होता की ट्रॉली एकटी पळत होती. सामान उतरलं, नमस्कार झाला, तरी ते आत जाईनात.

"तू निघ आधी," ते म्हणाले. "मी उभा राहतो इथं."

"काका, आत जा."

"अगं, जाईन ना. गाडी वळवून घे तू, मग..."

"काका," मी म्हटलं, "पोचलो आपण त्या सालापर्यंत."

मास्कच्या वर त्यांचे डोळे बारीक झाले. हसले असावेत.

"तुम्ही आत बसा," मी म्हटलं. "वाऱ्यात मी आहे."

या वेळी त्यांनी ऐकलं. ट्रॉली ढकलत ते आत गेले, काचेचं दार त्यांच्यामागे मिटलं. पलीकडे थोडं पुढं जाऊन ते वळले, आणि गर्दीच्या वर हात उंच करून तर्जनी हवेत एकदा गोल फिरवली.

मी तशीच उभी होते. वारा तोंडावर येत होता.